लघवीतलं आयोडीन, मिठातलं आयोडीन आणि अख्ख्या वस्तीची थायरॉइड

समजा, एका पाहणीचा अहवाल आला. शाळकरी मुलांच्या लघवीतल्या आयोडीनचा मध्यक (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले तर मधला) १३० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि ३८ टक्के नमुने १०० च्या खाली. दुसऱ्या दिवशी मथळा येतो: ‘३८ टक्के मुलांमध्ये आयोडीनची कमतरता’. हा मथळा चुकीचा आहे, आणि आयोडीनविषयीचे बरेचसे गैरसमज याच चुकीच्या पोटी जन्माला येतात. त्या वस्तीत आयोडीन पुरेसं आहे, एवढंच तो अहवाल सांगतो. ते ३८ टक्के नमुने कोणत्या मुलांचे, याला काडीचाही अर्थ नाही.

कारण साधं आहे. पोटात गेलेल्या आयोडीनपैकी ९० टक्क्यांहून जास्त भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजे एका नमुन्यातला आकडा काल काय खाल्लं आणि आज पाणी किती प्यायलं, एवढंच सांगतो. त्याच मुलाचा सकाळचा नमुना ६० दाखवेल, तर दुसऱ्या दिवशीचा २१०. एका माणसाचं आयोडीन २० टक्क्यांच्या फरकाने तरी कळावं असं वाटत असेल, तर त्याचे वेगवेगळ्या दिवसांचे सुमारे १० नमुने हवेत. वस्तीचं मात्र तसं नाही. माणसामाणसातले हे चढउतार एकमेकांना खोडतात. साधारण १२५ जणांचा एकेक नमुना घेतला की वस्तीची पातळी १० टक्क्यांच्या आत कळते, ५०० घेतले की ५ टक्क्यांच्या आत. म्हणून एखाद्या रुग्णाला ‘लघवीतलं आयोडीन तपासून या’ असं सांगण्यात फारसा अर्थ नाही, आणि शंभर-दीडशे मुलांच्या नमुन्यांचा मध्यक मात्र अतिशय मोलाचा असतो.

मध्यकच का, सरासरी का नाही? कारण थोड्या नमुन्यांत आयोडीन प्रचंड असतं. कुणी समुद्री शेवाळ खाल्लेलं असतं, कुणाच्या जखमेला आयोडीनचं औषध लावलेलं असतं. असे चार नमुने सरासरीला वर ओढून नेतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीनुसार शाळकरी मुलांचा मध्यक १०० ते १९९ असेल तर पुरेसं, ५० ते ९९ सौम्य कमतरता, २० ते ४९ मध्यम, २० च्या खाली तीव्र. २०० ते २९९ गरजेपेक्षा जास्त आणि ३०० च्या वर अति. गर्भवतींसाठी पट्टी वेगळी: १५० ते २४९ पुरेसं, ५०० आणि त्याहून वर अति. मुलांची पट्टी प्रौढांना जशीच्या तशी लावणं ही दुसरी नेहमीची चूक. रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन घेणारा, म्हणजे गरज पूर्ण भागलेला माणूस दिवसाला दोन लिटर लघवी करत असेल, तर त्याच्या लघवीत साधारण ६९ मायक्रोग्रॅम प्रति लिटर सापडतील. पट्टीवर तो ‘कमतरता’ या रकान्यात जाऊन बसेल. अंदाज करायचाच तर लघवीतलं प्रमाण गुणिले वजन किलोत गुणिले ०.०२३५, हे उत्तर रोजच्या आयोडीनच्या जवळ जातं. ६० किलोच्या माणसांच्या गटाचा मध्यक १०० असेल तर रोजचं आयोडीन सुमारे १४१ मायक्रोग्रॅम.

गरज किती लहान आहे हे एकदा नीट डोळ्यासमोर आणावं. प्रौढाला रोज १५० मायक्रोग्रॅम, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना १२०, त्याहून लहानांना ९०, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना २५०. रोज १५० धरले तर सत्तर वर्षांच्या आयुष्याला चार ग्रॅमसुद्धा लागत नाहीत. लहान चमचाही भरणार नाही. तरीही तो चमचाभर एका दिवसात देऊन भागत नाही, तो रोज चिमटीचिमटीने पोचावा लागतो. आणि पृथ्वीच्या पाठीवर बऱ्याच जागी तो जमिनीतच नाही. हिमनद्यांनी खरवडलेले डोंगर, पावसाने धुपलेले उतार, सतत पूर येणारी मैदानं यांच्या मातीतलं आयोडीन समुद्राकडे वाहून गेलं आहे. अशा मातीत धान्य कोणतंही पेरा, भाजी कोणतीही लावा, आयोडीन कमीच येणार. लोह कमी पडलं तर आहार बदलून भागू शकतं. आयोडीन कमी असलेल्या जमिनीवर, तिथलंच सगळं खाऊन, कितीही चौरस आहार घेतला तरी भागत नाही. म्हणून हा आजार घराचा नसतो, प्रदेशाचा असतो.

ग्रंथी काटकसर कशी करते आणि त्याची किंमत कोण देतं

मानेतल्या थायरॉइड ग्रंथीच्या पेशींवर सोडियम-आयोडाइड पंप असतात. रक्तातलं आयोडाइड (आयोडीनचं विरघळलेलं रूप) ते आत खेचतात, इतकं की ग्रंथीत त्याचं प्रमाण रक्ताच्या वीस-चाळीस पट होतं. आत थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनावर आयोडीन बसवलं जातं आणि त्यातून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार होतात. टी-४ च्या रेणूत आयोडीनचे चार अणू, वजनाने जवळजवळ ६५ टक्के. पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या माणसाच्या ग्रंथीत १५ ते २० मिलिग्रॅमचा साठा असतो, काही महिने पुरेल इतका.

आयोडीन कमी पडू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, वाढवते. पंप जोरात चालतात, थायरॉइडच्या पेशी वाढतात, आणि ग्रंथी टी-४ ऐवजी टी-३ जास्त बनवते. टी-३ ला तीनच अणू लागतात आणि त्याची ताकद जास्त. काटकसरीचा हा मार्ग उत्तम आहे. सौम्य कमतरतेत प्रौढ माणसाचे रक्ताचे आकडे बहुधा ठीकच येतात. दिसतो तो फक्त गलगंड, म्हणजे मानेत फुगलेली थायरॉइड. शाळकरी मुलांत तपासताना थायरॉइडचा एक कप्पा त्याच मुलाच्या अंगठ्याच्या टोकाच्या पेरापेक्षा मोठा लागला तर गलगंड धरतात. हाताला लागतो पण दिसत नाही तो पहिला दर्जा, मान सरळ असताना नजरेला दिसतो तो दुसरा. अशी मुलं ५ टक्के किंवा त्याहून जास्त निघाली की तो प्रदेश गलगंडग्रस्त.

खरी गंमत, म्हणजे खरी हानी, पुढच्या चाळीस वर्षांत होते. सतत वाढीच्या हुकमाखाली राहिलेल्या पेशी विभागत राहतात आणि काही पेशींत बिघाड होऊन त्या टीएसएचला विचारेनाशा होतात. त्यांच्या गाठी बनतात आणि त्या आपल्या मर्जीने संप्रेरक सोडतात. म्हणून सौम्य ते मध्यम कमतरतेच्या प्रदेशात म्हाताऱ्या माणसांचा नेहमीचा आजार हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड मंद चालणं) नसतो. तो असतो गाठींचा गलगंड आणि हायपरथायरॉइडिझम (थायरॉइड अति चालणं). ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण डेन्मार्कमधलं जटलंड, जिथे आयोडीन कमी होतं, आणि आइसलँड, जिथे पिढ्यानपिढ्या भरपूर होतं, इथल्या वृद्धांची तुलना पीटर लॉरबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. टीएसएच घटलेले, म्हणजे ग्रंथी अति चालणारे वृद्ध जटलंडमध्ये ९.७ टक्के होते, आइसलँडमध्ये १ टक्का. टीएसएच वाढलेले जटलंडमध्ये ३.८ टक्के, आइसलँडमध्ये १८ टक्के. आयोडीनच्या पातळीवरून वस्तीतल्या थायरॉइड आजारांची जात बदलते, हे याहून स्वच्छ दाखवणारी आकडेवारी क्वचितच सापडेल. थायरॉइडचे आजार दोन्हीकडे होतेच, फक्त वेगवेगळे.

कमतरता तीव्र झाली की काटकसर पुरत नाही. गर्भपात, मृतजन्म होतात, आणि जगलेल्या बाळांत बहिरेपणा, खुरटलेली वाढ, बुद्धीचं कायमचं नुकसान, म्हणजेच क्रेटिनिझम. इथे मात्र तराजूची दुसरी बाजू शोधू नये. या हानीच्या तोडीची हानी आयोडीन थोडं जास्त झाल्याने होत नाही.

गरोदरपण: वेळ आधीच निघून गेलेली असते

गर्भवतीची गरज वाढते ती तीन बाजूंनी. तिला टी-४ सुमारे दीडपट बनवावं लागतं, तिची मूत्रपिंडं नेहमीपेक्षा जास्त आयोडीन बाहेर टाकतात, आणि पुढे बाळाची स्वतःची थायरॉइड वाटा मागते. बाळाची ग्रंथी दहाव्या-बाराव्या आठवड्यात आयोडीन गोळा करू लागते, पण पुरेसं संप्रेरक सोडायला अठरा-वीस आठवडे उजाडतात. तोवर बाळाच्या मेंदूला मिळणारं सगळं टी-४ आईचं, वारेतून आलेलं.

आता हिशेब करा. गर्भ राहिल्याचं कळायला पाच-सहा आठवडे जातात, पहिली तपासणी होईपर्यंत आठ-दहा. त्या दिवशी गोळी सुरू केली तरी आईच्या ग्रंथीतला साठा भरायला वेळ लागणारच. पापुआ न्यू गिनीत १९६६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शनं दिली गेली. ज्या स्त्रियांना ती गर्भ राहण्याआधी मिळाली, त्यांच्या मुलांत क्रेटिनिझम जवळजवळ थांबला. ज्यांना गर्भ आधीच राहिलेला होता, तिथे उशीर झालेला होता. धडा सरळ आहे: गरोदर स्त्रीला आयोडीन द्यायचं म्हणजे ती गरोदर होण्याआधी वर्षभर तिच्या जेवणात ते असायला हवं, आणि ते घडवण्याचा मीठ हाच एक भरवशाचा रस्ता आहे.

सौम्य कमतरतेबद्दल मात्र जपून बोलायला हवं. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गरोदरपणी आयोडीन कमी असलेल्या आयांच्या मुलांचे बुद्ध्यांक आणि वाचनाचे गुण थोडे कमी निघाले. तो निरीक्षणातून काढलेला संबंध होता. पुढे बंगळूर आणि बँकॉक इथे सौम्य कमतरता असलेल्या गर्भवतींना रोज २०० मायक्रोग्रॅम देऊन केलेल्या यादृच्छिक चाचणीत पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या विकासात फरक दिसला नाही. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. याचा अर्थ आयोडीन बिनकामाचं असा नाही, कारण गोळ्या गर्भ राहिल्यावर सुरू झाल्या होत्या. पण ‘गरोदरपणी ही गोळी घ्या, मूल हुशार होईल’ अशी जाहिरात करायला आधार नाही, इतकं नक्की.

आणखी एक सांगायलाच हवं. शाळकरी मुलांचा मध्यक चांगला आला म्हणून गर्भवतींचाही चांगलाच असेल, असं गृहीत धरलं जातं. मुलांना १२० लागतात, गर्भवतीला २५०. एकाच मिठावर एकाचं भागतं आणि दुसरीचं भागत नाही, असं सहज होऊ शकतं. गर्भवतींचे नमुने वेगळे घ्यावेत.

आयोडीन वाढवल्यावर जे बिघडतं

कमतरतेच्या प्रदेशात आयोडीन वाढवलं की पहिली काही वर्षं हायपरथायरॉइडिझम वाढतो. कारण वर आलंच आहे: स्वतःच्या मर्जीने चालणाऱ्या गाठी तयार असतात, फक्त कच्चा माल नसतो. माल आला की त्या कामाला लागतात. जिनिव्हाच्या कोइंदे यांनी १८२० मध्ये गलगंडावर आयोडीन दिलं, तेव्हाच काही रुग्णांत धडधड आणि वजन घटणं दिसलं होतं. त्यांचे डोस तेव्हा अफाट होते. पण टास्मानियात १९६६ मध्ये पावात आयोडेट (आयोडीनचा एक क्षार) घातल्यावरही रुग्ण वाढले, आणि तपासणीत असं निघालं की वाढ त्याआधीच सुरू झाली होती, कारण दुधाच्या धंद्यात भांडी धुण्यासाठी आयोडीनचं जंतुनाशक वापरलं जाऊ लागलं होतं. झिम्बाब्वेत १९९० च्या दशकात मीठ आलं ते प्रमाणाबाहेर आयोडीन घेऊन, आणि तिथेही थायरॉइड अति चालण्याचे रुग्ण वाढले.

डेन्मार्कने हे सगळं वाचून पावलं टाकली. १९९८ मध्ये मिठात ऐच्छिक, किलोला ८ मिलिग्रॅम. २००० पासून घरगुती मिठात आणि पावाच्या मिठात सक्तीने १३ मिलिग्रॅम. २०१९ मध्ये २०. आणि सुरुवातीपासून दोन भागांतल्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद. अपेक्षेप्रमाणे हायपरथायरॉइडिझम आधी वाढला, मग उतरत गेला आणि पूर्वीच्याही खाली गेला. हायपोथायरॉइडिझम थोडा वाढला. एवढं नीटनेटकं काम फार थोड्या देशांनी केलं आहे, आणि ज्यांना नव्याने आयोडीन वाढवायचं आहे त्यांनी तीच वाट धरावी. पातळी हळू चढवावी. पहिल्या काही वर्षांत साठीपुढच्या माणसाचं हृदय अनियमित धडधडू लागलं, कारण नसताना वजन उतरलं, तर टीएसएच तपासलाच पाहिजे, हे त्या भागातल्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवावं. ही वाढ एकदाच येते आणि ओसरते, कारण पुढच्या पिढीत त्या गाठीच कमी तयार होतात.

कायमचं जास्त आयोडीन ही गोष्ट वेगळी. अचानक खूप आयोडीन आलं की निरोगी ग्रंथी काही दिवस संप्रेरक बनवणं थांबवते. वोल्फ आणि चायकोफ यांनी १९४८ मध्ये हे दाखवलं. मग ती आपले पंप कमी करते आणि पुन्हा कामाला लागते. ज्यांना ही सुटका जमत नाही त्यांना हायपोथायरॉइडिझम होतो: हाशिमोटोचा आजार (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते) असलेले, गर्भातली बाळं, नुकती जन्मलेली बाळं. म्हणून नवजात बाळाच्या त्वचेवर मोठ्या भागाला आयोडीनचं जंतुनाशक चोपडणं टाळावं.

चीनमधल्या तीन ठिकाणांचा पाच वर्षांचा पाठपुरावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पानशानमध्ये मध्यक ८४, झांगवूमध्ये २४३, ह्वांगह्वामध्ये ६५१. सौम्य हायपोथायरॉइडिझमचे नवे रुग्ण अनुक्रमे ०.२, २.६ आणि २.९ टक्के. ऑटोइम्यून थायरॉइडायटिस, म्हणजे हाशिमोटोसारखा आजार, ०.२, १.० आणि १.३ टक्के. उघड हायपोथायरॉइडिझममध्ये मात्र फार फरक नव्हता: ०.२, ०.५, ०.३. हे आकडे ‘आयोडीनच्या मिठाने थायरॉइड बिघडतं’ याचा पुरावा म्हणून फिरवले जातात. ते नीट वाचावेत. ह्वांगह्वातलं आयोडीन पिण्याच्या पाण्यातून येत होतं, आणि अशा पाण्याच्या गावांना बिनआयोडीनचं मीठ देणं हाच त्यावरचा उपाय. वाढलेला भाग बहुतेक सौम्य प्रकारचा, साध्या रक्ततपासणीत सापडणारा आणि गरज पडल्यास एका गोळीवर चालणारा. त्याची तुलना जन्मभर बुद्धी गमावलेल्या मुलाशी करायची नसते. तरीही ३०० च्या वर मध्यक गेला तर मिठातलं प्रमाण खाली आणायलाच हवं, आणि चीनने ते आणलंही.

एकट्यादुकट्या माणसाला जास्त आयोडीन होतं ते बहुधा मिठामुळे नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अमियोडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, म्हणजे ५०० दिवसांची गरज. अर्थात त्यातलं सगळं सुटं होत नाही, पण सुटं होतं तेही गरजेच्या अनेक पट. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या रंगद्रव्यात तर एका मिलिलिटरला तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांचा भरवसा नाही, एका गोळीत किती निघेल याचा नेम नसतो. थायरॉइडचा आजार असलेल्याने त्या घेऊच नयेत. याउलट थायरॉक्सिनची (म्हणजे टी-४ ची) गोळी घेणाऱ्याने आयोडीनचं मीठ सोडून काही मिळत नाही. किरणोत्सारी आयोडीनच्या उपचाराआधी डॉक्टर काही दिवस कमी आयोडीनचं जेवण सांगतात, तेवढा अपवाद.

आयोडीन पुरेसं असूनही गलगंड जात नसेल तर तीन गोष्टी बघाव्या. लोह, कारण आयोडीन बसवणाऱ्या थायरॉइड पेरॉक्सिडेजला ते लागतं. सेलेनियम. आणि नीट न भिजवता, न शिजवता खाल्लेला कसावा हा कंद, ज्यातून शरीरात थायोसायनेट तयार होतं आणि ते पंपाची वाट अडवतं.

जिथे हात घालता येतो ती जागा: मीठ

माणसाचं आयोडीन एका नमुन्यावरून मोजता येत नाही, पण मिठाचं येतं, आणि अगदी अचूक येतं. म्हणून वस्तीच्या थायरॉइडची काळजी ज्याला घ्यायची आहे, त्याने शेवटी मिठाच्या कारखान्यातच जाऊन उभं राहावं.

प्रमाण कसं ठरतं? रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, वाटेतल्या नासाडीसाठी ३० टक्के वर, म्हणजे १९५. माणशी मीठ ५ ग्रॅम असेल तर १९५ भागिले ५, किलोला ३९ मिलिग्रॅम. १० ग्रॅम असेल तर २०. ३ ग्रॅम असेल तर ६५. मीठ कमी खा आणि आयोडीन खा, या दोन सल्ल्यांत भांडण असल्याचं वारंवार म्हटलं जातं. ते नाही. लोकांचं मीठ कमी होईल तसं किलोमागचं आयोडीन वाढवायचं, एवढंच. भांडण खरं आहे ते दुसऱ्या ठिकाणी: लोकांच्या पोटात जाणारं मीठ जर मुख्यतः पावातून आणि तयार पदार्थांतून येत असेल आणि त्या कारखान्यांत बिनआयोडीनचं मीठ वापरलं जात असेल, तर घरच्या बरणीतलं मीठ कितीही चांगलं असलं तरी मध्यक घसरतो.

उष्ण आणि दमट हवेत पोटॅशियम आयोडाइड टिकत नाही, उडून जातं. म्हणून पोटॅशियम आयोडेट. त्यात ५९.३ टक्के आयोडीन. किलोला ३९ मिलिग्रॅम हवं असेल तर एका टनाला ६५.८ ग्रॅम आयोडेट. लिटरला ४० ग्रॅम असं द्रावण केलं तर एका टनाला १.६४ लिटर. कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून तासाला ५ टन मीठ जात असेल तर फवाऱ्यातून तासाला ८.२ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १३७ मिलिलिटर पडलं पाहिजे. हे मोजायला यंत्र लागत नाही. फवारा मिनिटभर मोजपात्रात सोडावा आणि बघावं.

बिघडतं ते इथेच. थंडीत आयोडेट कमी विरघळतं, खडे धरतात आणि फवाऱ्याचं तोंड बुजतं. पट्ट्यावर मिठाचा थर जाड-पातळ होतो आणि फवारा मात्र एकाच वेगाने चालतो. मीठ ओलं असेल तर द्रावण पोत्याच्या तळाशी निथळतं, वरचं मीठ रिकामं, खालचं प्रमाणाबाहेर. मिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहिलं असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि हेच पुन्हा घडतं. फवाऱ्यानंतर मीठ स्क्रू कन्व्हेयरमधून (मीठ ढवळत पुढे नेणाऱ्या मळसूत्रातून) फिरवलं नाही तर एकाच पोत्यात दोन तऱ्हा निघतात.

तपासणी टायट्रेशननेच करावी, म्हणजे ठरावीक ताकदीचं द्रावण थेंबाथेंबाने घालून किती लागतं त्यावरून प्रमाण काढावं. १० ग्रॅम मीठ ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचं, त्यात २ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या ताकदीचं माप) सल्फ्युरिक आम्ल १ मिलिलिटर आणि १० टक्के पोटॅशियम आयोडाइड ५ मिलिलिटर. पिवळा रंग येतो. झाकून १० मिनिटं अंधारात ठेवायचं. मग ०.००५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडत रंग फिकट पिवळा होऊ द्यायचा, तेव्हा स्टार्चचं द्रावण घालायचं. गडद जांभळा रंग येतो, तो नाहीसा होईपर्यंत पुन्हा थायोसल्फेट. एकूण लागलेले मिलिलिटर गुणिले १०.५८, हे किलोमागचे मिलिग्रॅम. ३.७ मिलिलिटर लागले तर ३९.१. स्टार्च आधीच घातला तर तो आयोडीनला धरून बसतो आणि शेवट चुकतो. दहा मिनिटं न थांबता केलं तर आकडा कमी येतो. थायोसल्फेट जुनं होऊन कमजोर झालं असेल तर ते जास्त लागतं आणि मीठ आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. ही चूक सगळ्यात घातक, कारण तिच्यावर कुणी तक्रार करत नाही. म्हणून द्रावणाची ताकद नियमित पडताळावी.

बाजारात आणि घरोघरी वापरतात तो थेंबांचा किट फक्त आयोडीन आहे की नाही इतकंच सांगतो. रंगाच्या छटेवरून १५ की ३० हे ठरवू नये. मीठ अल्कधर्मी असेल तर आयोडीन असूनही रंग येत नाही, तेव्हा किटमधल्या आम्लाच्या द्रावणाचा थेंब टाकून पुन्हा बघावं. आयोडाइडच्या मिठाला हा किट रंग दाखवतच नाही. घरी पोचलेल्या मिठात किलोला किमान १५ मिलिग्रॅम असावं आणि असं मीठ ९० टक्क्यांहून जास्त घरांत असावं, हे ध्येय. घरात बरणी झाकणाची, कोरडी, चुलीपासून लांब. जाडं मीठ धुऊन वापरलं तर वरचं आयोडीन पाण्याबरोबर जातं.

आता एक उदाहरण. कारखान्यात दर तासाला घेतलेले नमुने असे आले: १२, ५५, ३१, ६४, १८, ५४. सरासरी ३९. कागदावर सगळं ठीक. पण घरात मिठाचं पुडकं आठवडेच्या आठवडे पुरतं. १२ चं पुडकं जिच्या घरी गेलं ती बाई त्याच महिन्यात गरोदर राहिली, तर तिच्या साठ्याला सरासरीचा काही उपयोग नाही, आणि वस्तीच्या लघवीचा मध्यक हे कधीच दाखवणार नाही. असे आकडे दिसले तर द्रावण जास्त कडक करून काही साधत नाही. आधी पट्ट्यावरचा मिठाचा थर एकसारखा करावा, मग फवाऱ्याचं तोंड साफ करून मिनिटाचं माप घ्यावं, मग मिठाचा ओलावा बघावा, मग मिश्रणाचा स्क्रू. एकामागून एक घेतलेले सहा नमुने ३३ ते ४५ च्या आत येईपर्यंत त्या पाळीचा माल पुन्हा मिसळायला परत पाठवावा.